दप्तराबाहेर आलेले शंभर आवाज : शिल्पा गुप्ता यांच्या ध्वनिरचनेचे परीक्षण

'फॉर, इन युवर टंग, आय कॅनॉट फिट' (कारण तुझ्या भाषेत मी मावत नाही) ही मुंबईच्या चित्र-शिल्पकार शिल्पा गुप्ता यांची ध्वनिरचना २०१७-१८ या काळात सिद्ध झाली आणि पुढे एडिंबरा, कोची, व्हेनिस, लंडन अशा ठिकाणी मांडली गेली. आपल्या लेखनामुळे किंवा राजकीय मतांमुळे तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळी या रचनेत ऐकू येतात आणि वाचताही येतात. त्यांतला सर्वांत जुना कवी आठव्या शतकातला आहे आणि सर्वांत अलीकडचे आपल्या काळातले आहेत. मी ती डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या कोची-मुझिरिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात, पाहिली. जुनी कागदपत्रे, निकालपत्रे, जप्त केलेले साहित्य अशा सामग्रीवर काम करणारे कलावंत गेल्या काही दशकांत जगभर वाढले आहेत. त्या सामग्रीचे नेमके करायचे काय, या प्रश्नाला गुप्ता यांनी दिलेले उत्तर मला कलेच्या बाजूने पूर्ण पटते आणि इतिहासाच्या बाजूने निम्मेच पटते. या परीक्षणाचा बराचसा भाग त्या न पटलेल्या निम्म्याविषयी आहे, तरीही रचना जरूर पाहावी अशीच आहे, हे आधी सांगून ठेवतो.

प्रत्यक्ष मांडणी थोडक्यात अशी. अंधाऱ्या दालनात ओळीने शंभर लोखंडी सळया उभ्या आहेत. प्रत्येक सळईचे टोक एका कागदाच्या आरपार गेलेले आहे आणि त्या कागदावर कवितेच्या ओळी छापलेल्या आहेत. प्रत्येक कागदाच्या वर छतापासून एक मायक्रोफोन लोंबतो आहे. प्रकाश मोजकाच असल्यामुळे दालनाच्या भिंती दिसेनाशा होतात आणि दिसतात ते फक्त कागद. प्रेक्षकांनी या सळयांच्या मधून चालायचे, कुठेही थांबायचे, वाकून वाचायचे आणि ऐकायचे, एवढीच अपेक्षा आहे. मार्ग आखून दिलेला नाही, सुरुवात कुठून करावी याची खूण नाही, आणि ध्वनी दालनभर फिरत राहत असल्यामुळे एका जागी उभे राहून सारे काही पदरात पाडून घेण्याची सोयही नाही.

मायक्रोफोन हा या रचनेचा खरा कणा आहे. मायक्रोफोनची आणि स्पीकरची यंत्रणा मुळात एकाच तत्त्वावर चालते, म्हणून विजेची जोडणी उलटी केली तर ज्यात आपण बोलतो त्याच उपकरणातून आवाज बाहेर येऊ शकतो. ही युक्ती गुप्ता यांनी पूर्वीही वापरली आहे. 'सिंगिंग क्लाउड' या त्यांच्या आधीच्या कामात सुमारे चार हजार मायक्रोफोनांचा एक काळा ढगच छताखाली टांगलेला होता आणि त्यातून आवाज येत होते. तिथे ती युक्ती डोळे दिपवणारी होती, इथे मात्र ती अर्थाला जाऊन भिडते. ज्या माणसाच्या पुढचा मायक्रोफोन काढून घेतला गेला, त्याची ओळ आता मायक्रोफोनच बोलून दाखवतो आहे, आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला बोलण्यासाठी त्याचा काहीच उपयोग नाही. राजकीय सभेत, न्यायालयात किंवा पत्रकार परिषदेत मायक्रोफोन कोणाच्या हाती आहे यावर बरेच काही ठरते. ती सारी व्यवस्था येथे एका साध्या तांत्रिक उलटापालटीने मोडून काढली आहे.

ध्वनीची रचनाही विचारपूर्वक केलेली आहे. एका मायक्रोफोनमधून एका कवीची ओळ येते, मग बाकीचे मायक्रोफोन ती ओळ, किंवा तिचा तुकडा, उचलून धरतात, आणि काही क्षणांनी दालनाच्या दुसऱ्याच कोपऱ्यातून दुसऱ्या भाषेतली दुसरी ओळ सुरू होते. पोवाड्यात शाहिराने टाकलेली ओळ मागचे झीलकरी उचलतात, तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच की येथे प्रत्येक झीलकरी आपली पाळी आल्यावर शाहीर होतो. अरबी, अझेरी (अझरबैजानची भाषा), रशियन, स्पॅनिश, इंग्रजी, हिंदी अशा भाषा एकामागून एक येत राहतात. त्यांतल्या बहुतेक मला कळत नव्हत्या, पण त्यामुळे ऐकण्यात अडथळा आला असे म्हणवत नाही. उलट, न कळणाऱ्या भाषेतली ओळ ऐकताना तिच्यातला श्वास, थांबा, पुटपुटणे, मध्येच दबलेला सूर यांकडे अधिक लक्ष जाते. कळणारी भाषा आली की मन लगेच अर्थाच्या मागे धावते आणि आवाज निसटतो. हा अनुभव मला या रचनेतला सर्वांत मोलाचा वाटला. तो छायाचित्रातून किंवा चित्रफितीतून मिळत नाही, त्यासाठी दालनात जावेच लागते.

रचनेच्या नावाची ओळ चौदाव्या शतकातल्या इमादुद्दीन नसीमी या अझेरी कवीच्या काव्यातून आली आहे. धर्मसत्तेला न मानवणाऱ्या विचारांसाठी त्याला पंधराव्या शतकाच्या आरंभी अलेप्पो शहरात अत्यंत क्रूर पद्धतीने मारण्यात आले. या निवडीमुळे रचनेचा आवाका पहिल्याच पावलाला स्पष्ट होतो. गुप्ता यांना एका देशाचा, एका राजवटीचा किंवा एका विचारसरणीचा हिशेब मांडायचा नाही. कवीला बंद करण्याची गरज राजांना, धर्मपीठांना, वसाहतवाद्यांना, क्रांतिकारकांच्या सरकारांना आणि निवडून आलेल्या सरकारांनाही सारखीच वाटत आली आहे, हे त्यांना दाखवायचे आहे.

गुप्ता यांची एकूण वाटचाल पाहिली तर त्या या ठिकाणी योगायोगाने आलेल्या नाहीत, हे कळते. १९७६ मध्ये जन्मलेल्या आणि सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकला शिकलेल्या या कलावंताने २०११ च्या सुमारास 'समवन एल्स' नावाचे एक ग्रंथालयच उभे केले होते. टोपणनावाने किंवा निनावी प्रसिद्ध झालेल्या शंभर पुस्तकांची मुखपृष्ठे त्यांनी धातूच्या पत्र्यांतून घडवली आणि लेखकाने आपले नाव का लपवले याचे कारण त्यांवर नोंदवले. कोणी स्त्री म्हणून छापले जाणार नाही या भीतीने नाव बदलले होते, कोणी सरकारच्या धाकाने. ते ग्रंथालय आणि ही ध्वनिरचना शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट लक्षात येते : पहिल्या कामात कारण लिहिलेले होते, दुसऱ्यात ते जवळजवळ पुसलेले आहे. कोणत्या कलमाखाली, कोणाच्या फिर्यादीवरून, कोणत्या न्यायालयात, किती काळासाठी, यांपैकी काहीही हा सळईवरचा कागद सांगत नाही. माझ्या आक्षेपाचे मूळ येथे आहे.

तो आक्षेप मांडण्यासाठी आपल्याकडच्या दप्तराकडे, म्हणजे जपून ठेवलेल्या सरकारी कागदांकडे, वळावे लागेल, कारण तुरुंगात गेलेल्या कवितेचे दप्तर महाराष्ट्रात चांगलेच जाडजूड आहे. १५ जून १८९७ च्या 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता टोपणसहीने प्रसिद्ध झाली. आठवडाभराने, २२ जूनला, पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली आणि पुढच्याच महिन्यात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. खटल्यात पुरावा म्हणून जे छापील मजकूर पुढे आले त्यांत ही कविता होती. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियन ज्युरींनी टिळकांना दोषी ठरवले, तिघा हिंदी ज्युरींनी निर्दोष ठरवले, आणि न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी बहुमत मान्य करून अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, 'लघु अभिनव भारतमाला' ही कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. राजद्रोहाबरोबर सरकारविरुद्ध युद्ध पुकारल्याचे कलमही त्यांच्यावर लावले होते, आणि उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ती शिक्षा कायम केली. काही पद्यांसाठी जन्मठेप, हे वाक्य आज अतिशयोक्तीचे वाटते, परंतु ते निकालपत्रात आहे.

या दोन्ही प्रकरणांत एक विचित्र गोष्ट घडली आहे. जी कविता सरकारला नष्ट करायची होती, ती सरकारनेच सर्वांत काळजीपूर्वक जपली. पुरावा म्हणून तिला क्रमांक पडला, सरकारी भाषांतरकाराने तिचे इंग्रजी केले, वकिलांनी तिच्यातल्या एकेका ओळीचा कीस काढला, न्यायाधीशांनी ती निकालपत्रात उद्धृत केली, आणि मग ते सारे कागद बांधून ठेवले गेले. कवितेचे इतके बारकाईने वाचन आपल्या समीक्षकांनी क्वचितच केले असेल. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांवर पाळत ठेवण्यासाठी त्यांतल्या मजकुराचे साप्ताहिक इंग्रजी अहवाल तयार करवून घेत असे. ज्या पत्रांचे मूळ अंक आज मिळत नाहीत त्यांचा मजकूर इतिहासकारांना अनेकदा फक्त या पाळतीच्या अहवालांत सापडतो. म्हणजे अभिव्यक्तीवरच्या बंधनांचा अभिलेख हा मोठ्या प्रमाणात बंधन घालणाऱ्यांनीच लिहिलेला आहे, आणि त्यावर काम करणाऱ्या प्रत्येक कलावंताला ही अडचण सोडवावी लागते. दंड करणाऱ्याच्या हस्ताक्षरातून दंडिताचा आवाज वेगळा काढायचा कसा?

यावर वेगवेगळ्या कलावंतांनी वेगवेगळे मार्ग काढले आहेत. अमेरिकेच्या जेनी होल्झर यांनी २००५ च्या सुमारापासून माहिती अधिकारातून बाहेर आलेली लष्करी आणि गुप्तचर कागदपत्रे जशीच्या तशी, काळ्या पट्ट्यांनी झाकलेल्या मजकुरासह, मोठ्या कॅनव्हासवर रंगवली. त्यांनी सत्तेचा कागद हातही न लावता समोर ठेवला आणि त्यावरच्या काळ्या पट्ट्यांनाच बोलू दिले. आपल्याकडच्या अमर कंवर यांनी 'द टॉर्न फर्स्ट पेजेस' या मालिकेत ब्रह्मदेशातल्या लष्करी राजवटीविषयी काम केले. तिचा धागा मंडालेतल्या एका पुस्तकविक्रेत्याचा होता, जो प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर सक्तीने छापलेली सरकारी वचने फाडून मगच पुस्तक विकत असे आणि त्यासाठी १९९४ मध्ये पकडला गेला. मंडालेचे नाव मराठी माणसाला वेगळ्या कारणाने ठाऊक आहे, तेव्हा ही हकीकत आपल्याला जरा जास्तच लागते. कंवर यांनी गुप्तपणे चित्रित केलेली दृश्ये आणि कार्यकर्त्यांनी जमवलेली सामग्री वापरून सत्तेच्या दप्तराला समांतर असे दुसरे दप्तर उभे केले.

गुप्ता यांनी तिसरा मार्ग धरला आहे. त्यांनी सत्तेचा कागदच दालनाबाहेर ठेवला. आरोपपत्र नाही, शिक्का नाही, छायाचित्र नाही, बोटांचे ठसे नाहीत. सरकारची एकमेव निशाणी म्हणजे कागदाच्या आरपार गेलेली ती सळई, आणि ती पुरेशी आहे. हा निर्णय धाडसी आहे आणि कलेच्या दृष्टीने योग्यही आहे, कारण शंभर निकालपत्रे मांडली असती तर पुन्हा न्यायाधीशच बोलत राहिला असता आणि कवी पुन्हा पुरावाच ठरला असता. कागद टोचलेला आहे, तरी वाचता येतो, आणि वरून त्याचाच आवाज येतो आहे. या तीन गोष्टींत जे सांगायचे ते सांगून झाले आहे.

परंतु या निर्णयाची किंमतही मोठी आहे आणि ती मांडणीच्या सौंदर्यामुळे झाकली जाते. नसीमीला ज्या कारणासाठी मारले, बाबारावांना ज्या कारणासाठी अंदमानात पाठवले आणि आजच्या एखाद्या कवीला समाजमाध्यमावरच्या चार ओळींसाठी ज्या कारणाने उचलले जाते, ती कारणे एक नाहीत. त्यामागची यंत्रणा वेगळी आहे, कायदा वेगळा आहे आणि प्रतिकाराचे मार्गही वेगळे आहेत. सारख्या उंचीच्या सळया, सारखे मायक्रोफोन आणि सारखा मंद प्रकाश यांमुळे ही शंभर आयुष्ये एका सपाट दुःखात विरघळू लागतात. प्रेक्षक हळहळतो, पण कोणावर संतापायचे हे त्याला कळत नाही. राजकीय अस्वस्थतेविषयीच्या कलाकृतीने प्रेक्षकाला निदान एवढे तरी सांगावे, अशी माझी अपेक्षा आहे. ती जुनाट वाटत असेल तर वाटो.

हा आक्षेप केवळ पुस्तकी नाही, हे दाखवायला अलीकडचे एक मराठी उदाहरण पुरे आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात पुन्हा छापली गेली. तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, जिथे निकाल लागला मे २०१५ मध्ये. ऐतिहासिक थोर पुरुषाच्या तोंडी अशी भाषा घातली तर अश्लीलतेची कसोटी अधिक कडक लावावी लागेल, असे न्यायालयाने म्हटले. माफी मागितलेल्या मुद्रक-प्रकाशकांची सुटका झाली आणि कवीचा प्रश्न खालच्या न्यायालयाकडे सोपवला गेला. या प्रकरणात ना परकी राजवट होती, ना लष्करी हुकूमशाही. होते ते एक नियतकालिक, एक तक्रार, फौजदारी कायद्याचे एक कलम आणि वीस वर्षे. या प्रकारची दडपणूक मंद प्रकाशातल्या सळईने दाखवता येत नाही, तिला तारखा लागतात. काळे कापड, कुजबुजते आवाज आणि एकट्या दिव्याचा उजेड पाहून आपण नकळत अंधारकोठडीची कल्पना करतो. प्रत्यक्षात लिहिणाऱ्याचा छळ बऱ्याचदा ट्यूबलाइटच्या प्रकाशात, पुढची तारीख देत देत होतो.

दुसरी एक गोष्ट नोंदवायला हवी, ती रचनेच्या पाठबळाविषयी. ही रचना करण्याचे काम गुप्ता यांना बाकू येथील याराट या कलासंस्थेने आणि एडिंबरा कला महोत्सवाने दिले होते. ज्या अझरबैजानात सरकारवर टीका करणाऱ्या पत्रकारांना तुरुंगवास घडत आला आहे, त्याच देशाच्या राजधानीत तुरुंगातल्या कवींवरची रचना आकाराला यावी, हा विरोधाभास आहे. तो कलावंताचा दोष आहे असे मी म्हणणार नाही. अशा ठिकाणी अशा ओळी मोठ्याने म्हणवून घेणे हेही एक काम आहेच, आणि सहा शतकांपूर्वीच्या कवीच्या आडून आजच्याविषयी बोलणे ही दडपणाखालच्या लेखकांची जुनी रीत आहे. १८९७ च्या त्या 'केसरी'तल्या कवितेनेही शिवाजी महाराजांच्या आडून तेच केले होते. तरी बिएनालेच्या वर्तुळात फिरणारे काम शेवटी कोणाच्या कानांवर पडते, हा प्रश्न उरतो. दालनातले बहुतेक प्रेक्षक आधीपासूनच कवीच्या बाजूचे होते. काहीजण मात्र फोन उंचावून सळयांच्या रांगांचे छायाचित्र घेऊन बाहेर पडत होते आणि त्यांना तसे करण्यापासून रोखील असे मांडणीत काहीच नाही, किंबहुना ती छायाचित्रात फारच देखणी दिसते.

ज्यांना पुढे कुठेही ही रचना पाहण्याची संधी मिळेल त्यांनी तिच्यासाठी निदान तासभर राखून ठेवावा. दहा मिनिटांत फेरी मारून निघणाऱ्याला केवळ अंधार आणि गलका मिळतो, कारण आवाज उचलण्याची आणि सोडण्याची लय कानाला उमगायलाच तेवढा वेळ जातो. पहिल्यांदा कागद न वाचता फक्त ऐकत फिरावे आणि नंतर परत येऊन वाचावे. वाचत वाचत गेले तर डोळे कानांवर मात करतात. सळया टोकदार आहेत आणि प्रकाश कमी आहे, तेव्हा लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी त्यांचा हात धरलेला बरा. गर्दीची वेळ टाळता आली तर उत्तमच, कारण माणसांच्या बोलण्याने हलके आवाज सहज बुडतात.

रचनेतून जे वगळले गेले आहे ते काही प्रमाणात भरून निघावे अशी सोय पुढे झाली. २०२२ मध्ये याच शीर्षकाचे इंग्रजी पुस्तक शिल्पा गुप्ता आणि सलील त्रिपाठी यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. रचना पाहिलेल्याने ते मिळवावे, पण आधी वाचून जाऊ नये, कारण चरित्रे माहीत झाली की आवाज त्यांची सचित्र उदाहरणे होऊन बसतात. आणि ज्यांना मराठी कवितेच्या खटल्यांचे कागद स्वतः उलटायचे आहेत त्यांच्यासाठी मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तर जप्त साहित्याचा मोठा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. मुंबई सरकारने १९५७ आणि १९५८ मध्ये छापलेले स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचे पहिले दोन इंग्रजी खंड मोठ्या ग्रंथालयांत अजून मिळतात. त्यांतल्या दुसऱ्या खंडात, १८८५ ते १९२० या काळाच्या कागदांत, गुप्ता यांनी दालनाबाहेर ठेवलेला सत्तेचा आवाज भरपूर ऐकू येतो.